विद्यापीठीय रसायनशास्त्रात द्रव्यमान-वर्णपटमापकाचा प्रवेश

वैज्ञानिक उपकरणांचा इतिहास लिहिताना त्यांच्या शोधाच्या तारखांना जे महत्त्व दिले जाते, ते त्यांच्या स्वीकाराच्या तारखांना क्वचितच मिळते. उपकरण प्रथम कोणी घडविले, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ते एखाद्या विद्याशाखेच्या नित्याच्या व्यवहारात केव्हा, कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या आग्रहाने आले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. द्रव्यमान-वर्णपटमापकाच्या बाबतीत या दोन तारखांमधील अंतर जवळजवळ चाळीस वर्षांचे आहे. फ्रान्सिस ॲस्टन यांचे पहिले यंत्र १९१९ मध्ये केंब्रिज येथे चालू झाले. कार्बनी रसायनशास्त्राच्या विद्यापीठीय विभागांत मात्र हे यंत्र १९५८ च्या आसपास स्थिरपद झाले. हे अंतर केवळ पैशाच्या अभावाने पडले, की त्याची कारणे अन्यत्र शोधावयास हवीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी., या संस्थेचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे.

या यंत्राचा जन्म पदार्थविज्ञानात झाला. जे. जे. टॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास धन किरणांचा अभ्यास करीत असताना निऑन वायूचे दोन निरनिराळ्या भारांचे अणू असल्याचे पाहिले. त्यांचे सहायक ॲस्टन यांनी पहिल्या महायुद्धानंतर अधिक अचूक उपकरण रचून निऑनच्या २० व २२ या भारांच्या समस्थानिकांचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध केले, आणि त्या कार्यमालिकेबद्दल त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या उपकरणात आयनांचे झोत छायाचित्रण-पट्टीवर पडत. म्हणून त्यास वर्णपटलेखक म्हणणे योग्य होय. शिकागो विद्यापीठात आर्थर डेम्पस्टर यांनी १९१८ मध्ये रचलेल्या यंत्रात आयनांना चुंबकीय क्षेत्रातून १८० अंशांत वळवून त्यांचा विद्युत्प्रवाह मोजण्यात येई. पुढील काळातील वर्णपटमापकांचे ते पूर्वरूप होय. मिनेसोटा विद्यापीठातील आल्फ्रेड नीर यांनी १९४० मध्ये ६० अंशांच्या लहान चुंबकावर चालणारे यंत्र सिद्ध केले आणि त्याच वर्षी युरेनियमचा २३५ भाराचा समस्थानिक, अत्यल्प प्रमाणात का होईना, विलग करून दाखविला. अणुभंजन युरेनियमच्या कोणत्या समस्थानिकामुळे होते, या प्रश्नाचा निकाल त्या नमुन्याने लागला.

या सर्व काळात विद्यापीठांना हे यंत्र अपरिचित होते असे नाही. कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोएनहायमर व डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड नायट्रोजनाचा माग घेत प्राण्यांच्या शरीरातील प्रथिनांची घडामोड अभ्यासिली, आणि महायुद्धानंतर शिकागो येथे हॅरल्ड यूरी यांनी शंखशिंपल्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन समुद्रांचे तपमान काढण्याची पद्धत विकसित केली. परंतु या सर्वांस एका अणूचे निरनिराळे भार मोजावयाचे होते. नमुन्याचे रूपांतर नायट्रोजन किंवा कार्बन डाय-ऑक्साइड यांसारख्या साध्या वायूत करून तो यंत्रात सोडावयाचा, हा त्यांचा क्रम. मूळ रेणूची रचना येथे प्रथमच नष्ट केली जाई, कारण तिची कोणास आवश्यकता नव्हती. शिवाय ही यंत्रे बहुधा ज्याची त्याने स्वतः घडविलेली असत. काचकाम, निर्वात पंप आणि विद्युत्-मंडले यांत निष्णात असलेल्या माणसासच ती चालविता येत.

यंत्र विकत घेण्याजोगी वस्तू बनले ते खनिज तेलाच्या उद्योगामुळे. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील कन्सॉलिडेटेड एंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी हर्बर्ट हूव्हर यांच्या त्याच नावाच्या पुत्राने स्थापन केली होती, आणि तिचा मूळ व्यवसाय भूभौतिक उपकरणांचा होता. जमिनीतून झिरपणाऱ्या हायड्रोकार्बन वायूंचे सूक्ष्म प्रमाण मोजून भूगर्भातील तेलाचा ठाव घ्यावा, या हेतूने तेथे हॅरल्ड वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झाले. तो हेतू साधला नाही. परंतु तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांना त्याच यंत्राची निकड होती. युद्धकाळात विमानांसाठी लागणारे इंधन व कृत्रिम रबराचा कच्चा माल यांच्या उत्पादनात वायुमिश्रणांचे सतत विश्लेषण करावे लागे, आणि नाजूक ऊर्ध्वपातनाने त्यास फार वेळ लागे. १९४३ च्या सुमारास कंपनीचे पहिले यंत्र ॲटलँटिक रिफायनिंग कंपनीकडे गेले. मिश्रणातील प्रत्येक घटकाचे प्रमाण काढण्यासाठी अनेक समीकरणे एकदम सोडवावी लागत. त्याकरिता क्लिफर्ड बेरी यांनी कंपनीत एक विद्युत्-गणकही तयार केला. हे बेरी म्हणजे आयोवा येथील आटानासॉफ-बेरी संगणकाचे सहनिर्माते होत.

याचा अर्थ असा की, १९४३ नंतर ज्याच्यापाशी द्रव्य आहे त्यास हे यंत्र विकत मिळू शकत होते. तरीही पुढील सुमारे पंधरा वर्षे विद्यापीठांतील कार्बनी रसायनज्ञ त्याजकडे वळले नाहीत. याची कारणे तीन दिसतात. पहिले म्हणजे यंत्राची किंमत. एखाद्या तरुण अध्यापकाच्या वार्षिक वेतनाच्या कैक पटींनी ती अधिक होती, आणि वर देखभालीचा खर्च वेगळाच होता. दुसरे कारण तांत्रिक. यंत्राची रचना वायूंसाठी व हलक्या द्रवांसाठी झाली होती, तर कार्बनी रसायनज्ञाच्या हाती येणारे पदार्थ बहुधा घनरूप, जड व उष्णतेने बिघडणारे असत. हा अडसर १९५० च्या दशकाच्या आरंभी तेलसंशोधकांनीच तापविलेली प्रवेशव्यवस्था योजून बऱ्याच अंशी दूर केला. तिसरे कारण मात्र अधिक खोल होते, आणि ते मनोवृत्तीचे होते.

त्या काळी एखाद्या नैसर्गिक पदार्थाची संरचना ठरविणे म्हणजे त्याचे क्रमाक्रमाने विघटन करणे, प्रत्येक तुकडा शुद्ध स्फटिकरूपात मिळविणे, त्याची ज्ञात पदार्थाशी ओळख पटविणे आणि अखेर संश्लेषणाने निष्कर्षाची खात्री करणे. स्ट्रिक्नीन १८१८ मध्ये विलग झाले आणि त्याची संरचना निश्चित होण्यास १९४६-४७ साल उजाडले. या परंपरेत वाढलेल्या संशोधकास असे सांगणे की, महिन्यांच्या परिश्रमाने मिळविलेला पदार्थ निर्वातात उकळावा, त्याजवर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करावा आणि उडालेल्या ठिकऱ्यांचे वजन करून मूळ वस्तूचे चित्र रेखाटावे, हे त्यास जवळजवळ अविचाराचे वाटे. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ज्या ऊर्जेने बंध तुटतात, त्याच ऊर्जेने अणूंची फेरमांडणीही होऊ शकते. डाऊ कंपनीतील फ्रेड मॅक्लॅफर्टी यांनी १९५९ मध्ये ज्या प्रक्रियेचे विवरण केले व जी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, ती अशाच फेरमांडणीची आहे. मग ठिकऱ्यांवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न रास्तच होता.

या पार्श्वभूमीवर क्लाउस बीमन यांचे कार्य पाहिले पाहिजे. बीमन यांचा जन्म १९२६ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाला. तेथेच कार्बनी रसायनशास्त्रात पदवी घेऊन ते १९५५ मध्ये एम.आय.टी.त जॉर्ज ब्यूखी यांच्यासमवेत नैसर्गिक पदार्थांच्या संश्लेषणावर काम करण्यासाठी आले. १९५७ मध्ये त्यांची नेमणूक अध्यापक म्हणून झाली. परंतु ती कार्बनी शाखेत नसून विश्लेषण शाखेत. म्हणजे ज्या शाखेत त्यांचे शिक्षण झाले होते ती सोडून, दुसऱ्या शाखेस शोभेल असा संशोधनविषय त्यांना शोधावा लागला. पेप्टाइडांतील ॲमिनो अम्लांचा क्रम ठरविण्याचा प्रश्न त्यांनी निवडला. फ्रेडरिक सँगर यांचे इन्शुलिनवरील काम नुकतेच पूर्ण झाले होते, आणि या विषयास सर्वत्र महत्त्व आले होते.

त्याच वर्षी अन्नपदार्थांच्या स्वादगंधांविषयीच्या शिकागो येथील एका परिषदेत, फळांतील सुगंधी द्रव्ये द्रव्यमान-वर्णपटावरून ओळखण्याच्या प्रयत्नांची माहिती त्यांच्या कानी आली. तेथील पद्धत तुलनेची होती: अज्ञात पदार्थाचा वर्णपट ज्ञात वर्णपटांच्या संग्रहाशी ताडून पाहावयाचा. बीमन यांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. रेणू तुटतो तो वाटेल तसा तुटत नाही, त्यास रासायनिक नियम आहेत. आणि नियम असतील तर ज्याचा वर्णपट कोणत्याही संग्रहात नाही, अशा पदार्थाची संरचनाही त्यावरून काढता आली पाहिजे. पेप्टाइडे यंत्रासाठी सर्वस्वी गैरसोयीची होती, कारण तापविल्यास ती उडून न जाता करपून जात. बीमन यांनी रसायनज्ञाचा उपाय योजला. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडाने पेप्टाइडांचे क्षपण केले असता त्यांतील ऑक्सिजनयुक्त कार्बोनिल गट नाहीसे होतात आणि बाष्पनशील पॉलिअमाइने मिळतात. या साखळीत दोन नायट्रोजन अणूंमध्ये दोन कार्बन अणू येतात, आणि इलेक्ट्रॉनांच्या आघाताने त्या दोन कार्बनांमधील बंध प्राधान्याने तुटतो. साखळी कोठे तुटेल हे अगोदर ठाऊक असल्यामुळे, तुकड्यांच्या भारांवरून कोणते ॲमिनो अम्ल कोठे आहे हे वाचता येते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. यंत्र हाती येण्यापूर्वीच त्याला कोणता प्रश्न विचारावयाचा, तो कसा विचारावयाचा आणि पदार्थ यंत्रास मानवेल असा कसा करावयाचा, याचा आराखडा तयार होता. रसायन विभागाचे प्रमुख आर्थर कोप हे स्वतः नामांकित कार्बनी रसायनज्ञ होते. ज्याने द्रव्यमान-वर्णपटमापक कधी चालविलेला नाही, अशा तिशीतील अध्यापकासाठी विभागातील बहुधा सर्वांत महाग उपकरण घेण्यास पाठिंबा देणे, हा त्यांच्याही बाजूने धोका होता. यंत्र निष्फळ ठरले असते तर दोष केवळ त्या अध्यापकाकडे गेला नसता. आराखडा स्पष्ट होता म्हणूनच हा धोका पत्करता आला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५८ मध्ये कन्सॉलिडेटेड कंपनीचे २१-१०३ सी हे यंत्र एम.आय.टी.त दाखल झाले. ते डेम्पस्टर यांच्या १८० अंशांच्या पद्धतीचे होते, आणि तेल-रसायनांच्या कारखान्यांत परिचित असलेलेच होते. वर्णपट छायाचित्रण-कागदाच्या पट्टीवर निरनिराळ्या संवेदनशीलतेच्या गॅल्व्हॅनोमीटरांनी एकाच वेळी उमटविला जाई. त्यामुळे एका रेषेत न मावणारी लहानमोठी शिखरे दुसरीत वाचता येत. संशोधक एकेक शिखर मोजून त्यास भारांक देई. गाप्प व साइब्ल या सहकाऱ्यांसमवेत बीमन यांनी पेप्टाइडांवरील पहिला निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. यंत्र आल्यापासून निबंध येईपर्यंतचा काळ इतका थोडा असण्याचे कारण वर सांगितलेच आहे.

पद्धतीचा खरा कस लागला तो मात्र अल्कलॉइडांवर. या द्रव्यांत नायट्रोजन असतो, वलयांची गुंफण घट्ट असते, ती पुष्कळदा न बिघडता बाष्परूप घेतात, आणि वनस्पतींतून ती फारच अल्प प्रमाणात मिळतात. म्हणजे जुन्या विघटनपद्धतीस जे सर्वांत जड जाई, ते नव्या यंत्रास सर्वांत सोयीचे होते. त्यांतील पहिले महत्त्वाचे उदाहरण भारतीय वाचकास जवळचे वाटेल. सर्पगंधा वनस्पतीपासून सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसैन सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये दिल्ली येथे एक अल्कलॉइड विलग केले आणि हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ त्यास अजमलीन हे नाव दिले. त्याची संरचना पुढे दीर्घ परिश्रमांनंतर ठरली. त्याच वनस्पतीतून श्टोल व होफमान यांनी १९५३ मध्ये सार्पाजीन नावाचे दुसरे अल्कलॉइड मिळविले. या दोहोंचा सांगाडा एकच असावा अशी अटकळ होती. पण पुरावा नव्हता.

बीमन यांनी १९६० मध्ये तो पुरावा दिला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. दोन रेणूंचा सांगाडा एक असेल आणि एकात एखाद्या ठिकाणी हायड्रोजनाऐवजी मेथॉक्सी गट असेल, तर दोहोंच्या तुटण्याची रीत सारखीच राहील. फरक इतकाच की, तो गट ज्या तुकड्यांत आहे त्यांची शिखरे ३० एककांनी पुढे सरकतील, आणि ज्यांत नाही ती जागच्या जागी राहतील. म्हणून सार्पाजिनापासून व अजमलिनापासून तुलनेस योग्य अशी द्रव्ये तयार करून त्यांचे वर्णपट शेजारी ठेवले असता, सांगाडा एक आहे की नाही हे तर कळतेच, शिवाय फरक रेणूच्या कोणत्या भागात आहे हेही कळते. या युक्तीस भारसरणीची पद्धत म्हणता येईल. तिने फेरमांडणीविषयीच्या आक्षेपासही उत्तर मिळाले, कारण येथे एका वर्णपटाच्या अर्थावर सर्व भार नसून दोन वर्णपटांतील संगतीवर तो आहे. रेणू कसाही तुटो. दोन्ही रेणू एकाच रीतीने तुटले म्हणजे पुरे. १९६१ पासून श्पिटेलर दांपत्यासमवेत बीमन यांनी दक्षिण अमेरिकेतील क्वेब्राचो वृक्षाच्या अल्कलॉइडांवर हीच दृष्टी लावली आणि अनेक नव्या संरचना अल्पावधीत सिद्ध केल्या. १९६२ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हाच मार्ग इतरत्रही चोखाळला जात होता. स्वीडनमध्ये आयनार स्टेनहागेन व राग्नार रीहागे यांनी स्निग्धाम्लांवर आणि ग्लासगो येथे रोलंड रीड यांनी जड नैसर्गिक पदार्थांवर काम केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल जेरासी यांनी १९६० च्या दशकात ड्यूटेरियमने खूण केलेली शेकडो स्टेरॉइडे तयार करवून, कोणता हायड्रोजन कोठून कोठे जातो याचा शोध घेतला. बुद्झिकीविच व विल्यम्स यांच्यासह त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. या सर्वांत एक साम्य आढळते. यंत्रतज्ज्ञ रसायनशास्त्राकडे वळल्यामुळे हे घडले नाही; आपला प्रश्न घेऊन रसायनज्ञ यंत्राकडे गेले, तेव्हा घडले.

प्रश्न पुढे गेला की यंत्रही अपुरे पडू लागते. २१-१०३ सी या यंत्रावर भार पूर्णांकातच वाचता येत असे. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि एथिलीन या तिन्हींचा भारांक २८ च. परंतु त्यांचे अचूक भार अनुक्रमे २७.९९४९, २८.००६१ व २८.०३१३ असे आहेत. हा सूक्ष्म भेद मोजता आला तर तुकड्याच्या भारावरून त्याचे मूलद्रव्यीय सूत्रच मिळते. विद्युत् व चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे वापरून माटाउख व हेर्त्सोग यांनी १९३४ मध्ये सुचविलेल्या रचनेवर आधारलेल्या २१-११० या यंत्राने १९६० च्या दशकात हे शक्य केले. एका वर्णपटातील शेकडो तुकड्यांची सूत्रे हाताने काढणे अशक्य असल्यामुळे बीमन, बॉमर व डेसिडेरिओ यांनी १९६४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने त्यांचे कोष्टक मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एका उपकरणाच्या मागोमाग दुसरे उपकरण आले आणि त्याबरोबर तंत्रज्ञ, प्रोग्रॅमर व कायमचा खर्चही आला. एम.आय.टी.तील प्रयोगशाळेस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे अनुदान दीर्घकाळ मिळाले, आणि अन्य संस्थांतील संशोधकांचे नमुनेही तेथे तपासले जाऊ लागले. पेप्टाइडांचा मूळ प्रश्नही विस्मृतीत गेला नाही: हरगोविंद खुराना यांच्या गटासमवेत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या पटल-प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा क्रम लावण्यात १९७९ मध्ये त्याच क्षपणपद्धतीचा उपयोग झाला. तत्पूर्वी १९७६ मध्ये व्हायकिंग यानांबरोबर मंगळावर उतरलेल्या द्रव्यमान-वर्णपटमापकाच्या कार्याची धुराही बीमन यांजकडे होती.

भारतातील परिस्थिती या चित्राशी ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. बीमन आपला आराखडा आखीत होते त्याच सुमारास, १९५६-५७ मध्ये, भारत परकीय चलनाच्या तीव्र टंचाईत सापडला आणि आयातीवरील निर्बंध कडक झाले. विद्यापीठास यंत्राची किंमत रुपयांत उभारता आली असती, तरी डॉलर वा पौंड मिळविण्याचा व आयात परवान्याचा प्रश्न उरतच होता. ट्रॉम्बे येथील अणुशक्ती संस्थेस समस्थानिकांच्या मापनासाठी या यंत्रांची नित्य गरज असल्याने तेथे ती देशातच घडविण्याचे प्रयत्न झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २१-११० बी हे यंत्र आले, आणि डॉ. सुखदेव यांच्या गटाच्या टर्पिनॉइडांवरील कार्यात त्याचा उपयोग झाला. विद्यापीठांतील विभागांना मात्र बहुधा परदेशातील सहृदय प्रयोगशाळांकडे नमुने धाडून वर्णपटांची वाट पाहावी लागे. त्या काळच्या निबंधांतील आभारप्रदर्शने याची साक्ष देतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक उपकरण-केंद्रांची योजना राबविली. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्था व मुंबईची आय.आय.टी. येथील केंद्रांमुळे ही वाट पुष्कळ जवळ आली.

सामायिक केंद्रांची योजना भारतासारख्या देशात अपरिहार्य होती आणि तिचे उपकारही मोठे आहेत. तथापि तिच्यात एक उणीव स्वभावतःच राहते. नमुना पाकिटातून जातो आणि वर्णपट पाकिटातून परत येतो. त्यामुळे विद्यार्थी वर्णपटाचा ग्राहक होतो, त्याच्या निर्मितीत त्याचा हात लागत नाही. तापमान थोडे बदलले असते, प्रवेशाचा मार्ग निराळा घेतला असता, किंवा तोच पदार्थ ड्यूटेरियमयुक्त करून पाठविला असता तर काय दिसले असते, हे प्रश्न यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसास सुचतात. भारसरणीची पद्धत अशाच सान्निध्यातून निघाली.

यावरून प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. १९४३ ते १९५८ या काळात यंत्र उपलब्ध होते, आणि श्रीमंत विद्यापीठांपाशी द्रव्यही होते. उणीव होती ती त्यास विचारावयाच्या कार्बनी रसायनशास्त्रीय प्रश्नाची, आणि शाखांच्या सीमा ओलांडून तो विचारू धजणाऱ्या माणसाची. उलटपक्षी भारतात १९६० च्या दशकात प्रश्न होते, सर्पगंधेसारख्या वनस्पतींची संपत्ती होती, आणि कुशल रसायनज्ञही होते. उणीव होती ती यंत्राची. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच झाला: पदार्थ बाटलीत राहिला. विभागासाठी उपकरणाची मागणी करताना किमतीच्या रकान्याआधी कोणता प्रश्न, कोणत्या पदार्थावर आणि कोणाच्या हाताने सोडवावयाचा, हे रकाने भरले पाहिजेत. आणि ते भरलेले असतील तर किमतीच्या रकान्यावरून मागणी परत पाठविण्यापूर्वी संस्थेनेही थांबून विचार केला पाहिजे. १९५८ मध्ये आर्थर कोप यांनी तो विचार केला होता.